हुकूम तात्यांचा

धारला कल्पनाच्या घरी काहीही मागितलं तरी आधी नकारच मिळायचा. मग तेच वाक्य ‘तात्या म्हणालेत’ असं वडिलांचं नाव पुढे लावून पुन्हा म्हणायचं, की तिची आई, म्हणजे अक्का, निमूट हो म्हणायची.

सत्याऐंशी साली ती नोकरीला होती त्या देवासच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला, तो अगदी त्याच वळणाचा. साधी यादी मागितली तरी परवानगी नाही म्हणे. परवानगी होती एकट्या नीलकंठ साहेबांच्या पासवर्डला, आणि साहेब कायम कँटीनमध्ये. तिच्या येरझाऱ्यांना कंटाळून त्यांनीच मुभा दिली, तेव्हा कल्पनाने एक सोय करून ठेवली. नकार आला की इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘तात्या’ टाइप करायचं. आधीचाच हुकूम साहेबांच्या अधिकाराने पुन्हा सुटायचा आणि यंत्र मुकाट्याने ऐकायचं. तो शब्द तिने कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता.

एका मंगळवारी खरे तात्याच येऊन थडकले. “दिवसभर काचेकडे बघत बसायची ही कसली नोकरी? मला पटलं नाही तर संध्याकाळच्या बसने धारला चलायचं,” त्यांनी गेटवरच बजावलं. कल्पनाला ही नोकरी मनापासून आवडत होती.

ती त्यांना घेऊन येईपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या सुभाषने तिच्या जागेवर चाळा करून ठेवला होता. ऑफिसातल्या सगळ्या पडद्यांवर ‘आज छुट्टी, घर जाओ’ झळकवायचा हुकूम. यंत्राने अर्थातच नकार दिला होता. ती ते पुसणार, तोवर तात्या खुर्चीत बसलेसुद्धा. जन्मभर कचेरीत टाइपरायटर बडवलेला माणूस, बोटं स्वस्थ कशी बसणार?

“माझं नाव इथं कशाला?” पडद्याच्या कडेचा कागद वाचून त्यांनी विचारलं.

“यंत्र नाही म्हणालं की तुमचं नाव सांगायचं, तात्या. मग ऐकतं.”

“बघू.” त्यांनी पाच अक्षरं टाइप केली.

“काकाजी, अब वो बड़ा वाला बटन दाबा,” सुभाष सवयीने बोलून गेला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

अकरा पडद्यांवर साहेबांच्या नावाने सुट्टी लागली. खात्री करायच्या भानगडीत कोण पडतो? “चलो भिया” म्हणत पाच मिनिटांत सगळे डबे घेऊन बाहेर. खुद्द नीलकंठ साहेबही बॅग घेऊन निघाले. सुट्टी कोणी दिली, हे त्यांनीही विचारलं नाही.

आता नोकरी दोन्हीकडून गेली, असं कल्पनाला वाटलं. तात्या खिडकीतून सायकलींची रांग बघत होते.

“हे सगळे माझ्या शब्दावर निघाले?”

“हो, तात्या,” ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

त्यांनी पिशवी उचलली.

“तू इथंच राहा,” ते म्हणाले. “घरी हल्ली तुझी अक्कासुद्धा माझं ऐकत नाही.”