आत्याचा ओठ

"नेमकं आजच उठायचं होतं का ते!"

आतल्या खोलीचं दार नीट लागत नसे. त्या फटीतून शेवंतीबाईंचं पुटपुटणं आलं तेव्हा शकु ओट्याशी उभी राहून घुगऱ्यांवर खोबरं पेरत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

शेवंतीबाई म्हणजे तिच्या भावजयीची, जान्हवीची आई. आज जान्हवीच्या लेकीचं बारसं. 'ते' म्हणजे काय, हे शकुला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्यात मोहरीएवढ्या फोडांचा घोस टरारून आला होता.

घरात काही मोठं घडायचं असलं की आधी तिच्या ओठाला कळे. धाकट्या भावाची, राजेशची बारावी, राजेशची पहिली नोकरी, राजेशचं लग्न. नवरा गेला त्या आठवड्यात तर दोन्ही ओठ भरले होते. जागरण, ऊन, ताप, काळजी, कुठलंही निमित्त त्याला पुरे. चुणचुण सुरू झाली की ती समजून जाई, आला पाहुणा. लोक म्हणत, उष्णता. आई म्हणे, रात्री पाल मुतली. उपायही असेच, ज्याचे त्याचे. तुरटी लाव, चंदन उगाळ, साजूक तूप चोळ. गावाहून येणारं भिरंडेल, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल, तर तिच्या पर्समध्येच असे. पण तो यायचा तेव्हा यायचा आणि खपली धरून आपल्या पायांनी जायचा. "मेल्याला माझाच पत्ता बरा पाठ," ती म्हणे.

या खेपेला निमित्त कुंचीचं. भाचीची कुंची आत्याने शिवायची. भांडुपच्या आपल्या खोलीत जागून तिने ती शिवली होती. लग्नातल्या शालूचा काठ लावायचं फार मनात होतं. शालू ट्रंकेतून काढला, मांडीवर पसरला, आणि पुन्हा घडी घालून ठेवला. कापड नवंच आणलं. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईने शुभकार्यात जपून असावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुणी शिकवत नाही, बाई आपणच शिकते.

राजेश स्वयंपाकघरात आला. त्याने खिशातून मलमाची ट्यूब काढून ओट्यावर ठेवली.

"ताई, हे लाव. दिवसातून चार-पाच वेळा. आणि लावलंस की हात धू."

"अरे, आता चार-पाच वेळा लावून तासाभरात जाणार आहे का? पण होतं कशाने रे हे?"

"उष्णतेने गं." राजेशने घुगऱ्यांच्या पातेल्यात बघत म्हटलं. "तू आज जरा बसूनच राहा. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे?"

तो पातेल्यावर झाकण ठेवून गेला. शकु भांडुपची टेकडी रोज दोनदा चढत होती. कोपऱ्यावरच्या शाळेत पोरांना खिचडी वाढून वाढून तिने या राजेशला शिकवला होता, आणि गुडघ्याचं नाव त्या घरात आजवर निघालं नव्हतं.

दहा वाजता दिशा आली. काकाची मुलगी, नात्याने तीही आत्याच. हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू, दारातूनच गलका.

"शकुताई, अगं काय हे? पाल मुतली की काय! भिरंडेल नाही लावलंस?"

"पाल भिरंडेलालाच सोकावलीय गं," शकु म्हणाली. दोघी हसल्या. हसताना ओठ तडकला, तसा शकुने तो पदराने टिपला.

तेवढ्यात शेवंतीबाई बाहेर आल्या. "दिशाताई, तुम्ही आलात ते फार बरं झालं. बाळाच्या कानात नाव तुम्हीच घ्या. शकुताईंना वाकायला त्रास होतो ना. गुडघे."

दिशाने शकुकडे पाहिलं. शकुने दिशाच्या कपाळाकडे पाहिलं. मग तिचा हात सहज वर गेला, स्वतःच्या दोन भुवयांच्या मधे टेकला, आणि तिथलं नसलेलं काही पुसावं तसा खाली आला.

"घे ना," ती म्हणाली. "त्यात काय."

प्रांजल हे नाव तिनेच सुचवलं होतं. ते ती गेले कित्येक दिवस भांडी घासताना हळूच उच्चारून बघत होती. कुर्र करून कानात नाव सांगायचं, मागून बायकांनी पाठीत धपाटे घालायचे, आपण 'अगं मेले' म्हणून ओरडायचं, सगळं मनातल्या मनात करून झालं होतं.

पाळण्याभोवती बायका जमल्या. शकु भिंतीशी उभी राहिली. मग तिला कुंची आठवली. निदान ती तरी. पिशवीतून काढून ती पुढे झाली आणि पाळण्यावर वाकली. गुडघे कुरकुरलेदेखील नाहीत. बाळ जागं होतं. मुठी वळून, कपाळाला आठी घालून ते थेट तिच्याकडे पाहत होतं. शकु आणखी वाकली.

"ताई!" राजेश ओरडला. "तुझे गुडघे!"

पण त्याआधीच जान्हवीचा हात मधे आला होता. बाळाचा चेहरा तिने तळव्याने झाकला.

शेवंतीबाई म्हणाल्या, "अगं जानू, काय हे..."

"आई, थांब." जान्हवीने तळवा हलवला नाही. "ताई, तुमच्या ओठावरचं तिला लागलं ना, तर ती कदाचित वाचणार नाही. मोठ्यांना त्याचं काही होत नाही, एवढ्याशा बाळाला झेपत नाही. डॉक्टरांनी बजावलंय. तुमच्याशी हे बोलायचं कुणी, म्हणून सगळे सकाळपासून गुडघे काढून बसलेत." तिने श्वास घेतला. "नाव तुम्हीच ठेवायचं. खपली पडून ओठ नीट होऊ दे. तोवर राहील बिननावाची."

शकु झटकन मागे सरली, पाठ भिंतीला लागेपर्यंत. पदर तोंडावर घट्ट धरला. कुंची दुसऱ्या हातात तशीच होती. तिने जान्हवीच्या तळव्याखालून दिसणाऱ्या इवल्या हनुवटीकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" तिने पदराआडून विचारलं.

जान्हवीने मान हलवली.

"मला वाटलं," शकु म्हणाली, "मला कुंकू नाही म्हणून."