चौकटीवरच्या खुणा

माझे बाबा खोटं बोलत नाहीत, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसेपर्यंत.

आम्ही दोघंच रानात राहतो. वीज नाही, फोन नाही, कॅलेंडर नाही. दर हिवाळ्यात पहिलं दव गोठलं की बाबा दाराच्या चौकटीवर चाकूनं एक खूण करतात. तेच माझं वय. खाली शहरात मावशी असते. सोळा खुणा झाल्या की तिच्याकडे जायचं की इथेच राहायचं, ते माझं मी ठरवायचं, असं बाबांनी कबूल केलेलं. मी त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. चौदावी नुकतीच झाली होती.

मग गाल सुजला. लवंगेनं भागेना, तेव्हा बाबा मला शहरात घेऊन आले.

बाईंनी तोंडात आरसा घातला. "वय काय हिचं?"

"चौदा," मीच बोबडं बोलले.

"काहीतरीच काय. अगं, अक्कलदाढ आहे ही. सतराच्या आत मी तरी कुणाला आलेली पाहिली नाही."

मला हसू आलं. एवढी शिकलेली बाई आणि मोजता येत नाही. मग बाबांकडे पाहिलं. ते हातातली टोपी पिळत खाली बघत होते.

"जुनी झोपडी जळाली ना," ते म्हणाले, "तेव्हा नव्या चौकटीवर खुणा मीच केल्या. सहाच्या जागी तीन. तुझी आई नुकतीच गेली होती. तू तरी जास्त दिवस राहावीस, असं वाटलं."

तेव्हा मला मोजता येत नव्हतं. मोजायला बाबांनीच शिकवलं, माझं बोट धरून, त्याच खुणांवर. इतका संताप आला की मी तशीच खुर्चीतून उठले.

"मावशीचं घर कुठे?" मी विचारलं.

"पुढच्या गल्लीत. हिरवं दार."

दरवर्षी मध विकायला येतात ते. पत्ता पाठच होता.

बाबा कोपऱ्यावरच थांबले. मी दार वाजवलं. मावशीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आधाराला भिंत धरली.

"सोळा पुरी झाली की येशील म्हणाले होते तुझे बाबा," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून वाट बघतेय. मला वाटलं, तुलाच यायचं नाही."

गेल्या हिवाळ्यात मी चौकटीपाशी उभी राहून बोटांवर मोजलं होतं. अजून तीन.