कोबीच्या वाफ्यातलं कार्थेज

रोमच्या सात टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी गुडघाभर चिखल आणि त्यापुढे चहूकडे नुसता समुद्र. सगळ्यांत जवळचा शेजारी म्हणजे कार्थेज, आणि तिथे पोचायलाही अख्खा उन्हाळा जायचा. मागच्या युद्धाला गेलेल्या ताफ्यातलं कुणी परत आलं नव्हतं. तरी यंदाच्या कॉन्सलना, रोमच्या कारभाऱ्यांना, युद्ध हवंच होतं. सत्ता मिळते वर्षभर, तेवढ्यात एखादा देश जिंकला नाही तर नाव कसं राहायचं?

सैन्यभरतीत ऑप्सियाच्या नवऱ्याचं, नुमेरियुसचं नाव निघालं. हा गडी एका टेकडीवरून दुसरीवर होडीने गेला, तरी वाटभर पाण्यावर तोंड वाकवून बसायचा. ऑप्सिया तान्ह्या लेकीला खांद्यावर थोपटत घरभर फिरे. समुद्राने सोडलं तर ताप गाठेल, तापातून वाचला तर भाले आहेतच. एक काळजी लागली की ती पार टोकापर्यंत जाऊन यायची, आणि येताना दुसरी घेऊन यायची.

अशात एका सकाळी शेजारच्या युद्धदेवीच्या देवळातले म्हातारे पुजारी, स्पुरियुस, दारात उभे राहिले. मागे बोमिल्कार, मासेमारांची जाळी तोडली म्हणून पकडलेला कार्थेजी खलाशी.

"पोरी, तुझा कोबीचा वाफा लागणार आहे."

"भाजीला?"

"युद्धाला. शत्रूच्या जमिनीत भाला फेकल्याशिवाय युद्ध सुरू होत नाही. आता इथून कार्थेजपर्यंत भाला कोण फेकणार? म्हणून हा तुझा वाफा विकत घेईल. ह्याची जमीन ती कार्थेजची जमीन. मी देवळाच्या पायरीवरून फेकीन."

"आणि नेम चुकला तर? घरात पाळणा आहे, आजोबा."

"माझा नेम चुकत नाही."

"मागच्या वेळी बकरी गेली होती," आतून नुमेरियुस म्हणाला.

ऑप्सियाचा थोपटणारा हात थांबला. "वाफ्यापुरतं काय घेता," ती सावकाश म्हणाली, "घरासकटच घ्या ना."

पुजारी खूश झाले. निशाण जेवढं मोठं तेवढं बरं.

"पण ताई, मला कोबी आवडत नाही," बोमिल्कार म्हणाला.

"गप रे. मालकाने इतकं बोलू नये," ऑप्सिया म्हणाली.

साक्षीदार आले, व्यवहार झाला. दुसऱ्या दिवशी कॉन्सल शिरस्त्राण घालून हजर. पुजाऱ्यांनी भाल्याचं टोक डुकराच्या रक्तात बुडवलं. ऑप्सियाने पाळणा आधी चुलीमागे हलवला, मग माळ्यावर नेला, शेवटी लेकीला कडेवर घेऊन लांब जाऊन उभी राहिली. भाला वाऱ्यावर हेलपाटत आला आणि कोबीत रुतला.

"चला," कॉन्सल म्हणाले, "जहाजं तयार आहेत."

"माझा नवरा येणार नाही," ऑप्सिया म्हणाली. "तो कार्थेजमध्ये राहतो."

पुजाऱ्यांनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा वाफ्याकडे.

"आपल्या फौजेत परका माणूस चालत नाही, हे तुम्हीच सांगता, आजोबा."

"चालत नाही खरं," ते म्हणाले. "पण मग तो शत्रू झाला की. त्याला बेड्या घालाव्या लागतील."

दोन शिपाई पुढे झाले. "होडीपेक्षा बरं," नुमेरियुस पुटपुटला आणि हात पुढे करून उभा राहिला.

समुद्र, ताप, भाले, म्हाताऱ्याचा नेम, सगळ्याचा ऑप्सियाने विचार केला होता. बेड्यांचा तेवढा राहून गेला होता. हरलेल्याने काय करायचं ते मात्र रोममध्ये पोरासोरांनाही ठाऊक असतं. आपल्या जमिनीतलं गवत उपटायचं आणि जिंकणाऱ्याच्या हातात द्यायचं. पण वाफ्यात गवताची काडी नव्हती, तिनेच परवा खुरपला होता. तिने लेकीला सावरत एक कोबी मुळासकट, चिखलासकट उपटला आणि कॉन्सलसमोर धरला.

"आम्ही हरलो. बोमिल्कार, हो म्हण."

"हो," बोमिल्कार म्हणाला. "फार हरलो."

कॉन्सलनी पुजाऱ्यांकडे पाहिलं. "असं चालतं?"

"गवतच हवं आणि कोबी नको, असं काही ऐकिवात नाही," पुजारी म्हणाले. "शरण आलेल्याला झिडकारलं, तर विधी बिघडला. मग सगळं पहिल्यापासून. डुकरासकट."

कॉन्सलनी समुद्राकडे पाहिलं. लाटा घरांएवढ्या उठत होत्या, आणि त्यांचा चेहरा सकाळपासूनच हिरवट होता. त्यांनी हात पुढे करून कोबी घेतला.

"कार्थेज जिंकलं," ते जरा हळूच म्हणाले.

शिपायांनी खांद्यावरची बोचकी अशी खाली टाकली की चिखल उडाला.

"थांबा," ऑप्सिया म्हणाली. "जिंकलेल्या मुलखातून फौजेत भरती होते का?"

"एक पिढी जाईपर्यंत नाही," पुजारी म्हणाले.

तेव्हा कुठे ती उंबऱ्यावर बसली. नुमेरियुसने लेक तिच्या हातून घेतली.

पुढच्याच आठवड्यात पुजारी पुन्हा आले. "कॉन्सल विचारत होते, इजिप्तचं काय करायचं. तुझ्या शेजारणीकडे अंजिराखाली थोडी जागा आहे म्हणे."

ऑप्सियाने कुंपणावरून शेजारणीला हाक मारली. शेजारणीचा थोरला यंदाच भरतीच्या वयाचा झाला होता.