तिसरा बिंदू

शेवटचं गणित उरलं होतं. ज्या उत्तरांची पक्की खात्री होती तेवढ्यांचेच गुण सुताराने बोटांवर मोजले. तीस. या गणिताचे पाच मिळाले तर पस्तीस, दहावी पास; नाहीतर तिसऱ्यांदा नापास. मागच्या दोन्ही वेळी बायको शाळेच्या फाटकाशी उभी होती. या वेळचा फॉर्मही तिनेच भरला, आणि परीक्षेला दोन महिने असताना ती गेली.

x + y = ७ आणि २x − y = ५. आलेख काढून सोडवा.

पहिली रेष झटक्यात झाली. दुसरीसाठी त्याने दोन बिंदू काढले, (०, ५) आणि (५, ५), आणि पट्टी लावून रेष ओढली. दोन्ही रेषा (२, ५) वर भेटल्या. सांधा कसा चपखल बसला! उत्तर लिहायला पेन टेकवलं आणि त्याला कारखान्यातलं टेबल आठवलं. भुसा झटकून तिथेच ती त्याची शिकवणी घ्यायची.

"अहो, दोन खिळ्यांत दोरी ताणली की ती सरळच दिसणार. तिसरा बिंदू कोण काढणार?"

"दोन पुरतात गं."

"पुरतात ना? म्हणून तर दोनदा आपटलात."

त्याने पेन ठेवलं आणि तिसरा बिंदू काढला. x तीन, तर y एक. तो रेषेच्या चार घरं खाली पडला.

सुतार वाकला, एक डोळा मिटून कागदाच्या कडेवरून बघू लागला.

"काका, पेपर लिहिताय की रंधा मारताय?" पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

"फळी वाकलीय, बाई. कुठे ते बघतोय."

सापडलं. x शून्य असताना y उणे पाच यायला हवा होता. उणेचं चिन्ह त्यानेच खाल्लं होतं. खोडलं, पुन्हा बिंदू मांडले. आता तिन्ही एका रेषेत. रेषा भेटल्या (४, ३) वर. चार नि तीन सात. आठातून तीन गेले, पाच. दोन्हीकडे बरोबर! त्याने बाकावर अशी थाप मारली की सगळा वर्ग वळून बघायला लागला.

फाटकाशी, आईच्या जागी, मुलगी उभी होती.

"बाबा, काय झालं?"

"पास झालो."

"अहो, निकाल महिन्याने आहे!"

"येऊ दे सावकाश. मी तिसरा बिंदू काढून आलोय."