ताईंची शाल

"अरे, बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?" मिस्त्री टीव्हीवर खेकसला.

मालिकेतल्या नवऱ्याला अर्थातच ऐकू गेलं नाही. घरच्यांनी त्याच्या बायकोवर नाही नाही ते आळ घेतले होते आणि हा शुंभासारखा उभा. मिस्त्रीला असल्या नवऱ्यांची मनस्वी चीड होती. दिवसभर दुकानात लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, पंखे उघडून बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन परक्यांचे संसार दुरुस्त करायचे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"नुसतं 'तुझं बरोबर आहे' एवढं म्हणायचं तिला. तेवढ्याने जीभ झडते का याची?"

शेजारी बायको वाटाणे सोलत होती. वर न बघता ती म्हणाली, "तो बोलला असता तर मालिका कालच संपली असती."

मिस्त्रीने टीव्हीचा आवाज कमी केला. काल म्हणजे काय, हे त्याला कळलं होतं.

थोरली बहीण राहायला आली होती. तिची लोकरी शाल, भावोजींनी वारण्याआधी घेऊन दिलेली, काल मधोमध जळाली. दुरुस्त केलेली इस्त्री तापते का, हे पाहायला मिस्त्रीनेच ती हाताशी आलेल्या कापडावर टेकवली होती. दुकानात हाताशी चिंध्या असतात. घरात ताईंची शाल होती. ताईंनी डाग पाहिला आणि थेट भावजयीला धारेवर धरलं. बेफिकीर काय, हाताला वळण नाही काय, माहेरच्यांनी काही शिकवलंच नाही इथपर्यंत गेलं. मिस्त्री इस्त्रीच्या प्लगचा स्क्रू आवळत राहिला. तो आधीच घट्ट होता. बायकोने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकलं, ताई."

तिने त्याला झाकलं आणि त्याने झाकू दिलं. केस पिकले तरी बहिणीची भीती, आणि वर आज त्या टीव्हीतल्या पोराला शहाणपण शिकवायला निघालेला. मिस्त्रीला स्वतःची शरम वाटली. त्याने टीव्ही बंद केला आणि ताईंना हाक मारून आतल्या खोलीतून बोलावलं.

"ताई, शाल मी जाळली. हिचा काही संबंध नाही. काल मी गप्प बसलो."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे. त्यांचा चेहरा निवळला.

"अरे, तिला वाचवायला स्वतःच्या अंगावर कशाला घेतोस?"

त्याने शपथ घेतली. इस्त्री कुठली, शाल कुठे पडली होती, कशी टेकवली, सगळं सांगितलं. तो जसजसा सांगत गेला तसतसे ताईंचे डोळे भरून आले. तुझे भावोजीही अस्सेच होते, त्या म्हणाल्या. माझ्या चुका स्वतःच्या नावावर खपवायचे, आणि खोटं बोलताना त्यांचेही कान असेच लाल व्हायचे.

मग त्या भावजयीकडे वळल्या. "बघ. असा नवरा मिळायला नशीब लागतं. आता तरी जपून वागत जा."

बायकोने मांडीवरची सालं ओंजळीत गोळा केली.

"हो, ताई," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मिस्त्रीने मान खाली घातली. ताईंना तो त्याचा विनय वाटला. त्या मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.