गल्लीचं तोंड

तळ्याचं भांडण सुरू झालं तेव्हा गल्लीत कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. संपलं तेव्हा सगळे एकमेकांचं इतकं ऐकत होते की त्यातच त्यांचा घात झाला. मधली गोष्ट ती अशी.

*

आधी तळं.

देखणं वगैरे अजिबात नव्हतं. गल्ली उतरत उतरत जिथे संपते तिथे एक मोठा खोलगट भाग, काठाला माणूसभर उंच लव्हाळी, मध्ये हिरवट पाणी. पण पावसात वरून जे काही वाहत येई ते सगळं हे तळं गिळायचं आणि ढेकरही द्यायचं नाही. पालिकेला त्यात भराव टाकून वर पार्किंग करायचं होतं. भराव पडला की पाणी जाणार कुठे? तळ्याच्या अलीकडच्या घरात.

ते घर ताईचं. पुढे तिचं चष्म्यांचं दुकान, मागच्या खोलीत आई. आई कंबरेखाली निकामी होती, तिला खाटेवरून उचलायला एकटं माणूस पुरत नसे. घरात पाणी शिरलं तर पहिलं तिच्या खाटेला लागणार, हे गल्लीत लहानथोरांना ठाऊक होतं.

ताईला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून थोराड माणसंसुद्धा. तिचा धाकटा भाऊ लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून तो मास्तर. शिकणारा घाबरून थेट भिंतीवर गाडी घालायला निघाला तरी ह्याचा आवाज चढत नसे. "हळूच ब्रेक. शाब्बास. भिंत कुठे पळून जात नाही, आपणच थांबायचं." वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. ताईने दुकान सांभाळलं, आईला सांभाळलं आणि ह्याला वाढवलं. स्वतःचं काय, ह्या प्रश्नावर ती "पुढचा नंबर कुणाचा?" असं म्हणून गिऱ्हाईक आत घ्यायची.

*

पहिली सुनावणी, पालिकेच्या हॉलमध्ये. हे एका दमात वाचावं, कारण ते तसंच झालं:

साहेब आमचं म्हणणं असं की डास आहेत हे खरं पण, डासांचं कोण बोलतंय बगळे येतात तिथे बगळे, अहो बगळ्यांना मत आहे का, पार्किंग मलाही हवंय पण तिथे नको, मग कुठे तुमच्या डोक्यावर, माझ्या डोक्यावर कशाला तुमच्या बेकरीच्या दारात करा, दाराचं नाव काढलंत तर याद राखा, शांत बसा हो, तुम्ही शांत बसा, साहेब हे असंच करतात, साहेब...

साहेब गालातल्या गालात हसले. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "लिहा. रहिवाशांमध्ये एकमत नाही."

*

त्या संध्याकाळी सगळे ताईच्या दुकानात जमले. बेकरीवाला, बगळेवाले काका, वरच्या मजल्यावरची वहिनी, आणखी बरेच. प्रत्येकाला दुसऱ्याने माती खाल्ली असं वाटत होतं.

"तुमच्या बगळ्यांनी घात केला," बेकरीवाला म्हणाला.

"आणि तुम्ही डासांची वकिली करत होतात ती?" काका उखडले.

"पुरे," ताई म्हणाली. "ते आपल्याला झुंजवत नाहीत, आपण फुकट झुंजतो. पुढच्या वेळी एकच माणूस बोलेल. बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. छत कोसळलं तरी नाही."

"बोलणार कोण?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने भावाकडे पाहिलं. "माझा आवाज चिरका आहे. मला राग आला की शब्द सापडत नाहीत. ह्याला बोलू दे."

मास्तर म्हणाला, "ताई, तूच बोल ना." हे तो म्हणाला होता. पुढे तिला ते कितीदा तरी आठवलं. त्यात काय होतं, हे मात्र तिला कधीच ठरवता आलं नाही.

*

मग सराव. असा सराव दुसऱ्या कुठल्या गल्लीने केला नसेल.

दुकानात मास्तर उभा राहून बोलायचा, बाकीचे बाकांवर. जो मध्ये तोंड उघडेल त्याच्या नाकावर ताई नंबर काढायची चौकट चढवायची, ती जड, गोल, भिंगं बदलून बदलून घालायची. त्यात जाडातली जाड भिंगं. मग सराव संपेपर्यंत त्या माणसाला जग ढगासारखं दिसे. बेकरीवाल्याने पहिले काही दिवस चौकटीतच काढले.

"ताई, मला भिंत दिसत नाहीये."

"भिंतीला तुम्ही दिसताय. गप्प बसा."

हसून हसून पुरेवाट व्हायची. आणि हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, गल्ली शहाणी झाली. मास्तर चुकला तरी कुणी बोलेना. मुद्दाम चुकला तरी बोलेना. एकदा त्याने सरावात म्हटलं, "आम्हाला तळं नको आहे," आणि सगळे ढिम्म बसून राहिले. मग तोच हसला. "वा! पास झालात सगळे."

भाषण ताईने रचलं होतं. रात्रीचं जेवण उरकलं की ती आईच्या खोलीत बसून वाक्यं घोळवायची आणि मास्तर म्हणून दाखवायचा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्याने शोधलं. आई उशीला टेकून ऐकायची. काही बोलायची नाही.

*

दुसरी सुनावणी.

हॉल तोच. पहिल्या रांगेत एका बाजूला पांढऱ्या शर्टातला कुणीतरी बसला होता, पक्षाचा माणूस असावा. साहेबांनी विचारलं, "आज किती जण भांडणार आहेत?"

ताई उठली. "एकच बोलेल साहेब. हा. तो बोलेल ते आम्हा सगळ्यांचं."

"तसं लिहून घेऊ?"

"घ्या."

मास्तर उभा राहिला. "तळं आम्हाला प्रिय आहे," तो म्हणाला आणि थांबला. अगदी जिथे थांबायचं तिथे. ताईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. "ते सुंदर नाही. ते आमच्या उपयोगाचं आहे." पुन्हा थांबला. बेकरीवाल्याने छाती फुगवली. पुढचं वाक्य होतं, म्हणूनच आमची भरावाला ठाम हरकत आहे.

"पण," मास्तर म्हणाला.

भाषणात 'पण' नव्हता.

"पण शहर वाढतंय, हे आम्हालाही कळतं. आम्ही अडून बसणारी माणसं नाही."

विसरला, ताईला वाटलं. बिचारा विसरला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "म्हणूनच आमची..."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत गोंधळ नव्हता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसल्यावर तो जसा पाही, समजून घेत, सांभाळून घेत, तसंच त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा साहेबांकडे वळला.

"भरावाला आमच्या गल्लीची हरकत नाही. फक्त कडेने झाडं लावावीत आणि पार्किंगला तळ्याचं नाव द्यावं, एवढीच विनंती."

ताई उठली. "साहेब, हे..."

शेजारून बेकरीवाल्याने तिचा हात ओढला. डोळे मिचकावत कुजबुजला, "बसा ताई! डाव आहे. मास्तर साहेबाला घोळात घेतोय."

"डाव नाही हो!"

"श्श! नियम, ताई, नियम."

मागून वहिनीने तिचा खांदा दाबला. प्रेमाने दाबला. काका तर कौतुकाने मान डोलवत होते.

"बाई," साहेब म्हणाले, "एकच बोलेल, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत ना?"

तिने मागे वळून पाहिलं. अख्खी गल्ली रांगेत, पाठ ताठ, ओठ मिटलेले. छत कोसळत होतं आणि कुणी ब्र काढत नव्हतं. तिने शिकवलं होतं तसंच.

*

नोंदीत आलं ते एवढंच:

रहिवाशांतर्फे एका प्रतिनिधीने म्हणणे मांडले. भरावास एकमताने संमती. सूचना: कडेने झाडे लावावीत. नामकरणाचा विचार करण्यात येईल. अन्य कोणीही हरकत घेतली नाही.

*

बाहेर, पायऱ्यांवर.

"हं ताई," बेकरीवाल्याने हात चोळले, "आता पुढची चाल सांगा."

"कसली चाल?"

"अहो, म्हणजे हो म्हणून त्यांना गाफील ठेवायचं, आणि मग..."

"मग काही नाही. तळं गेलं."

चेहरे कसे बदलतात ते ताईने आयुष्यभर पाहिलं होतं. धूसर दिसणाऱ्या माणसाला बरोबर भिंग लागलं की डोळ्यांचं मिचमिचणं थांबतं आणि नजर एकदम रोखली जाते. तशा एकेक करून सगळ्यांच्या नजरा तिच्यावर रोखल्या गेल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" काकांनी विचारलं.

"नव्हतं."

"एका घरात राहता."

"हो."

"भाषण तुम्हीच बसवून घेतलंत."

"हे भाषण नाही बसवलं मी!"

वहिनी अगदी शांतपणे म्हणाली, "आमची तोंडं बंद करायला चांगली शाळा घेतलीत हो ताई."

ताईला राग आला, आणि राग आला की तिला शब्द सापडत नसत. मघाशी ज्या पंजाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं होतं, तो बेकरीवाला उलटसुलट करून बघत राहिला.

तेवढ्यात मास्तर आला. पांढऱ्या शर्टवाला दारापर्यंत सोडायला आला होता. त्याने ह्याच्या पाठीवर थाप मारली आणि आत गेला.

ताईने भावाला दंडाला धरून बाजूला घेतलं. गल्लीला ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र होतं.

"अरे, आई तळमजल्यावर आहे!"

"आईची सोय केलीय. टेकडीवरच्या नव्या इमारतीत जागा बघितलीय. लिफ्ट आहे. तुलाही वेगळी खोली आहे, ताई."

"आणि ही माणसं?"

"सगळ्यांना कडेवर घेऊन कुठे जाऊ?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तळं जाणारच होतं गं. वर कधीच ठरलंय ते. मी नाही म्हटलं असतं तर तळंही गेलं असतं आणि आपल्या हातात राहिलं असतं काय, धोंडा? आता निदान आपला माणूस पालिकेत निवडून जाईल."

"आपला माणूस म्हणजे तू."

"मी."

"तिकीट देतायत?"

"देतायत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

तिने त्याचा दंड आणखी घट्ट धरला.

"आईला सांगितलं होतं," तो म्हणाला.

पायरीचा कठडा तिने धरला. "आईला?"

"कधीचंच. ती म्हणाली, ताईला इतक्यात बोलू नकोस. भाषण बसवू दे तिला. तेवढाच विरंगुळा आहे बिचारीला."

म्हणजे उशीला टेकून आई ऐकत होती ते हे. ताई वाक्य फिरवून फिरवून बघत होती, 'ठाम' आधी घ्यावा की नंतर यावर जीव आटवत होती, आणि खोलीतल्या बाकी दोघांना ते वाक्य कधीच म्हटलं जाणार नाही हे ठाऊक होतं. दोघांनी तिला खेळू दिलं.

"चल," मास्तर म्हणाला, "गाडी लावलीय. सोडतो घरी."

पायऱ्यांखाली गल्ली उभी होती. ती गाडीत बसली तर ती भावाला सामील होती, हे त्यांच्या मनात पक्कं होणार होतं. नाही बसली तरी पक्कंच होणार होतं. तिने भावाचा दंड सोडला आणि पायऱ्या चढून पुन्हा आत गेली.

*

हॉलमध्ये कारकून माइकची वायर गुंडाळत होता. साहेब फाइली बांधत होते.

"साहेब, मला बोलायचंय."

"सुनावणी संपली, बाई."

"लिहू नका. नुसतं ऐका."

साहेबांनी खांदे उडवले. "बोला. मी हे बांधेपर्यंत."

ताईने तोंड उघडलं. "तळं आम्हाला प्रिय आहे," ती म्हणाली आणि थांबली. थांबल्यावर तिला कळलं की हा थांबा त्याचा आहे. आवाज खाली आलाय तोही त्याचा. शब्द तिचे होते, पण इतके दिवस तिने ते त्याच्या गळ्यातून ऐकले होते, आता ते तिच्या तोंडात येताना त्याची चाल घेऊन येत होते. तिने ओठ पुसले. पुन्हा सुरुवात केली.

"आमच्या घरात पाणी येईल. आधी आईच्या..."

आई तिथे नसेल. आई टेकडीवर असेल, लिफ्टवाल्या इमारतीत.

तिचा आवाज चिरकला. "माझ्या घरात पाणी येईल. माझ्यानंतर बेकरीत. बेकरीनंतर वरपर्यंत, एकेका दारात. खाली उभे आहेत ना, ते सगळे माझ्यावर थुंकतील आता. पण पाणी त्यांच्याही घरात येईल. मी सांगितलं म्हणून ते गप्प बसले. त्यांची हरकत आहे. माझी हरकत आहे. एवढंच."

साहेबांचा हात दोरीवर थांबला. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते.

"पण तुम्ही कशाला काळजी करता? तुम्ही तर टेकडीवर जाताय ना? मास्तर म्हणाले."

म्हणजे इथेही माहीत होतं. गल्ली सोडून सगळ्यांनाच माहीत होतं.

"मी नाही जात," ताई म्हणाली.

"असं कसं? आई तिकडे, भाऊ तिकडे..."

"मी नाही जात."

साहेबांनी दोरीची गाठ घट्ट केली आणि फाइली काखेत मारल्या. "तो तुमचा घरगुती प्रश्न झाला, बाई," ते म्हणाले.