बोरखेडीची पहिली उतारू

बोरखेडीला मी स्टेशन मास्तर म्हणून गेलो तेव्हा माझं वय सत्तावीस होतं आणि डोकं कायम तापलेलं. आमचं घर जुन्या जालन्यातलं, वडील कचेरीत नक्कलनवीस. मी रेल्वेत गेलो तो पोटासाठी नाही, हौसेनं. लहानपणी जालन्याच्या स्टेशनावर मी तासन्‌तास उभा राहायचो. काचीगुड्याहून रात्रभर धावत आलेलं गाडीचं ते धूड ठरल्या मिनिटाला समोर येऊन उभं राहतं, याचं मला जे नवल वाटायचं ते आजही ओसरलेलं नाही. आमच्या घरात साधी जेवणाची वेळही कधी ठरलेली नव्हती.

हे १९३६ सालचं. बोरखेडी म्हणजे जालना आणि परतूर यांच्या मधलं नवंकोरं स्टेशन. गावाशेजारून रूळ जाऊन पस्तीस-छत्तीस वर्षं झाली होती, पण गाडी कधी थांबली नव्हती. आता चार खणांची इमारत उभी राहिली होती. तिकिटाची खिडकी होती, उतारूंना बसायला पत्र्याची शेड, पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण, माझ्या टेबलावर तारयंत्र, आणि निशाणापासून झाडलोटीपर्यंत सगळं करणारा कडूबा. जालन्याकडे जाणाऱ्या दोन गाड्या थांबत, परतूरकडच्या दोन. मात्र सगळी सहा महिन्यांची आजमाइश होती. सहा महिने भरले की इन्स्पेक्टर साहेब येऊन सकाळची जालन्याची गाडी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. तिला तीस उतारू चढले तर स्टेशन राहील, नाहीतर कुलूप.

हे स्टेशन आलं ते रखमाजी पाटलांमुळे. त्यांची एकुलती एक लेक नंदा दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती अडली. तिला बैलगाडीत घालून जालन्याच्या दवाखान्याला निघाले. वाटेत नदी भरून वाहत होती, बैल पाण्यात पाय घालेनात. काठावर गाडी सोडून बसले होते तेव्हा शेजारच्या पुलावरून जालन्याची पॅसेंजर धडधडत निघून गेली. पाटलांनी डोईचा पटका सोडून हलवला. पण पुलावरची पॅसेंजर कशी थांबणार? दिवस मावळायच्या आत नंदा गेली, पोटातल्या लेकरासकट.

त्यानंतर पाटलांनी रुळालगतची आपली तीन एकर काळी जमीन रेल्वेला फुकट देऊ केली आणि दीड वर्ष अर्जांवर अर्ज केले. दुसऱ्या कुणाची लेक तशी काठावर बसून राहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. स्टेशन झाल्यावर ते आणि त्यांची बायको साळूबाई रोज दुपारच्या गाडीला येत. गाडी दिसली की पाटील पायताण काढून उभे राहत. एवढं अवजड लोखंड आपल्या शेतात येऊन थांबतं, हे ते रोज नव्यानं बघत. इतर कुणी असतं तर मी हसलो असतो. त्यांना हसावंसं कधी वाटलं नाही, कारण गाडी आली की माझं स्वतःचंही तेच व्हायचं.

पण स्टेशनात चढायचं कोणी नाही. मंठ्याकडचा एखादा कापसाचा व्यापारी, कधी एखादा सरकारी शिपाई, बस्स. गावातलं एकही माणूस नाही. यायचे मात्र सगळे, आणि येताना गाठोडी आणायचे. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की चांगल्या वेळेवर मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं अंगावरच्या फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. ते प्रस्थान. ते ठेवलं की निघणं झालं, मग माणूस सवडीनं निघतो. बोरखेडीकरांनी शेजारच्या घराऐवजी माझी शेड धरली. शेडच्या खुंट्यांवर, खिळ्यांवर, रांजणाच्या तिवईवर गाठोडीच गाठोडी. सगळ्यांत पहिलं, खिडकीजवळच्या खिळ्याचं, स्टेशन उघडलं त्याच दिवशी कोणीतरी लावलेलं होतं. हिरव्या खणाचं, छोटंसं.

एकदा कचरू नावाचा शेतकरी आपल्या गाठोड्यावरची धूळ झटकत होता, त्याला मी धरलं.

"कचरू, कधी जाणार तुम्ही?"

"जाऊ की मास्तर. प्रस्थान ठिवलंय न्हाई का?"

"ठेवून तीन महिने झाले."

"व्हय. बराबर हाये," असं म्हणून तो शांतपणे घरी गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्यांच्यासाठी स्टेशन झालं त्यांनाच त्याची कदर नाही, असं मी जालन्याला घरी पत्रातून लिहीतही होतो. भित्रे आहेत, आळशी आहेत, काय वाटेल ते. आता लाज वाटते.

सहा महिने संपायला एक दिवस राहिला आणि बुधवारी सकाळी आठला तार आली की उद्या इन्स्पेक्टर साहेब येत आहेत. मी शेडकडे पाहिलं आणि माझा तोल गेला. स्टेशन तर जाणारच होतं, निदान ते स्वच्छ तरी जावं. बेवारस सामान मोठ्या स्टेशनावर रवाना करायचं, असा नियमच होता. मी कडूबाला सगळी गाठोडी उतरवायला लावली. सगळी उतरवून तो खिडकीजवळ थांबला.

"मास्तरसाब, हे येवढं राहू द्या."

"का?"

"राहू द्या."

"कारण सांगता येत नसेल तर काढ."

तो मान खाली घालून उभा राहिला, पण त्यानं हात लावला नाही. मग ते हिरवं गाठोडं मीच काढलं. नऊ-वीसच्या गाडीत गार्डाच्या डब्यात तेवीस गाठोडी चढवली, पावती घेतली आणि निशाण दाखवलं. गाडी सुटली तसा कडूबा मला न विचारता गावाच्या वाटेला लागला.

पंधरा-वीस मिनिटांत पाटील आणि साळूबाई आले. धापा टाकत आले. पाटलांनी तो रिकामा खिळा पाहिला, त्यावरून बोट फिरवलं आणि खाली बसले. मी नियम सांगायला लागलो. बोलता बोलता मला कळलं की कोणी ऐकत नाही, म्हणून गप्प झालो.

"ते नंदाचं व्हतं," साळूबाई म्हणाल्या. "दवाखान्याला निघायच्या येळी तिच्या चोळीच्या खणात बांधलं व्हतं म्या. ती गेली, ते राह्यलं."

पाटील जमिनीकडे बघत बोलले. "नव्या हिरीचा पहिला घडा जमीनवाल्याचा आसतो मास्तर. तसा गाडीत बसायचा पहिला मान आमच्या घराचा. गावानं तो मान मोडला न्हाई. अन् आमच्या घरातून पहिली जाणार व्हती ती नंदाच. म्हणून तिचं प्रस्थान इथं लावलं. रोज येत व्हतो, आज धाडावं, आज धाडावं. हात उचलंना. येवढं धाडलं की मंग घरात तिचं कायबी राहत न्हाई."

मग ते म्हणाले, "ठेसन मीच आणलं अन् मीच अडवून बसलो. उद्या बंद झालं तर खापर माझ्यावरच फोडायचं."

सहा महिने मी ज्यांना भित्रे म्हणत होतो ते अख्खं गाव एका बापाचा हात उचलायची वाट पाहत होतं. आणि एकानंही त्याला 'पाटील, आता पुरे' असं म्हटलं नव्हतं. पोरंठोरं, म्हातारेकोतारे, लग्नाच्या गडबडीतले, सगळे बैलगाडीनं जालन्याला जाऊन आले आणि येऊन पुन्हा गाठोड्यावरची धूळ झटकत राहिले. जे पाटलांना सहा महिने जमलं नाही ते मी एका सकाळी रागाच्या भरात करून बसलो होतो.

"मी तार करतो," मी म्हणालो. "गाठोडं परतीच्या गाडीनं मागवतो."

साळूबाईंनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. निघालेल्या लेकीला माघारी बोलवत्यात का? आता कुठवर गेली आसंल?"

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ चाळीस झाले होते. "आता नदी लागली असेल."

"पाणी?"

"पाणी खाली, बाई. गाडी पुलावरून जाते."

त्यांनी डोळे मिटले. पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घड्याळावरची नजर काढली नाही. गाडीचा वेग, पुलाची लांबी, मला सगळं पाठ होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाठांतराचा कुणाला उपयोग होत होता.

"गेली पलीकडं," मी म्हणालो.

कडूबा दारात उकिडवा बसला होता. मी जालन्याला तार केली की गाडी पोहोचली आणि तेवीस गाठोडी उतरली की लगेच कळवा. तिथं बद्रीनाथ नावाचे तारबाबू होते, माझे चांगले ओळखीचे. गाडीची वेळ दहा-दहाची. दहा-दहा झाले. दहा-अकरा झाले. मी तारेचं काम चार वर्षं करत होतो, दिवसाला वीस-पंचवीस निरोप घेत होतो. पण समोर त्या दोघांना बसवून ते पितळी यंत्र गप्प पडलेलं पाहिलं आणि मला प्रथमच कळलं की हे काय आहे. नऊ कोसांवर कोणीतरी बोट उचलतो आणि इथं कळतं.

दहा-तेराला यंत्र कडकडलं. मी लिहून घेतलं.

"काय म्हणून राह्यले?" साळूबाईंनी विचारलं.

"पोहोचली," मी म्हणालो. "गाडी वेळेवर पोहोचली. तेवीसच्या तेवीस नीट उतरवून घेतली."

साळूबाई उठल्या आणि त्यांनी तारयंत्रावर हात ठेवला. यंत्राला हात लावायची कोणालाच परवानगी नसते. मी तो राहू दिला. पाटील बाहेर गेले आणि रुळाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. पाठ हलत होती एवढं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला इन्स्पेक्टर साहेब ट्रॉलीवरून आले. हैदराबादकडचे, उंच, मितभाषी गृहस्थ. खुर्ची टाकून शेडसमोर वही घेऊन बसले. साडेआठला गावाच्या वाटेवर धूळ दिसली. आधी मला वाटलं गुरं असतील. मग पटके दिसले, लुगडी दिसली. कचरू, त्याची म्हातारी आई दुर्गाबाई, कारभारी, त्याची सून, सगळे धुतलेल्या कपड्यांत. आपापली गाठोडी पुढं गेली आहेत, आता त्यांच्या मागं जायलाच हवं, असं प्रत्येकजण खिडकीशी सांगत होता. नंदानं वाट काढून दिली, असं मात्र कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मी तिकिटं देत गेलो. तारखेच्या यंत्रात तिकीट दाबायचं, खट्ट आवाज, पुढचं.

सगळ्यांत शेवटी पाटील आणि साळूबाई आले. त्यांना मी दोन तिकिटं दिली.

"तीन," पाटील म्हणाले. "एक कालचं. ती बगर तिकिटाची गेल्ती."

गेलेल्या गाडीचं तिकीट देता येत नाही. तारीख मागं फिरवता येत नाही. हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं त्या स्टेशनात कोणालाच माहीत नव्हतं. मी यंत्राची चकती एक घर मागं फिरवली, बुधवारची तारीख घेतली आणि तिकीट दाबलं.

साळूबाईंनी ते पदराच्या गाठीत बांधलं. बांधता बांधता त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, पोटातल्याचं येगळं लागतं का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "त्याला लागत नाही."

गाडी आली. दोन मिनिटांचा थांबा होता, ती पाच मिनिटं थांबली. पाटील डब्याच्या पायरीपाशी पायताण काढायला लागले, तेव्हा कडूबानं ते त्यांच्या हातात दिलं आणि त्यांना वर चढवलं. दुर्गाबाईंनी डब्याच्या दांड्याला हळदकुंकू लावलं. इन्स्पेक्टर साहेब डब्याडब्यातून माणसं मोजून आले आणि मग माझ्या तिकिटांच्या आकड्याशी ताडून बघायला लागले.

"बयालीस टिकट, इकतालीस आदमी," ते म्हणाले. "एक किधर गया?"

"वो कल गई, साब," मी म्हणालो.

त्यांनी चकतीकडे पाहिलं. ती अजून बुधवारवर होती. मग त्यांनी डब्याच्या खिडकीशी बसलेल्या पाटील आणि साळूबाईंकडे पाहिलं. काय समजले ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. त्यांनी वहीत बेचाळीस लिहिलं, खाली सही केली आणि मला म्हणाले, "सिग्नल दीजिए मास्टर, गाडी लेट हो रही है."